डेटनमध्ये नेमकं कोण जिंकलं?

उत्क्रांतीवरचा वाद कुठेही पेटू दे, थोड्या वेळात कुणीतरी अमेरिकेतली 'मंकी ट्रायल' काढतंच. शंभर वर्षांपूर्वी तिकडे भर कोर्टात या विषयाचा सोक्षमोक्ष लागलाय, असं सांगितलं जातं. मग गोष्ट येते. एक तरुण शिक्षक वर्गात डार्विन शिकवतो. धर्मवेडं गाव त्याला तुरुंगात टाकतं. त्याला वाचवायला शहरातून एक बेरकी वकील येतो. बायबल हातात घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याची तो अशी उलटतपासणी घेतो, की तो पुढारी कोर्टातच कोसळतो. विज्ञान जिंकतं. टाळ्या.

या गोष्टीतला शिक्षक खरा आहे, वकील खरा आहे, पुढारीही खरा आहे. उलटतपासणीसुद्धा खरोखर झाली होती. पण तुरुंग, चवताळलेलं गाव, कोर्टात कोसळणं आणि विज्ञानाचा विजय हे सगळं एका नाटकातून आणि त्यावर निघालेल्या सिनेमातून आलेलं आहे. गंमत म्हणजे उत्क्रांती मानणारे हे नाटक पुरावा म्हणून पुढे करतात, आणि न मानणारे त्याच नाटकातल्या चुका दाखवून 'बघा, हे लोक कसे थापा मारतात' म्हणतात. आपण इतिहासावर भांडतोय अशी दोघांचीही समजूत असते. प्रत्यक्षात भांडण एका पटकथेवर चाललेलं असतं.

खरा खटला या पटकथेपेक्षा बराच गुंतागुंतीचा होता, आणि आज आपल्याला तोच जास्त उपयोगाचा आहे.

औषधांच्या दुकानात ठरलेला गुन्हा

मार्च १९२५मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 'बटलर कायदा' मंजूर झाला. जॉन वॉशिंग्टन बटलर नावाच्या शेतकरी आमदारानं तो मांडला होता. बायबलमधली मानवनिर्मितीची कथा नाकारायची आणि माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायचं, याला सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांत बंदी आली. शिक्षा होती १०० ते ५०० डॉलर दंड. तुरुंगवासाची तरतूदच नव्हती.

नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या संघटनेला या कायद्याला कोर्टात आव्हान द्यायचं होतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी कायदा मोडायला हवा. जो शिक्षक पुढे येईल त्याचा खटला आम्ही लढवू, असं तिनं वर्तमानपत्रांतून जाहीर केलं.

डेटन हे तेव्हा जेमतेम १८०० वस्तीचं गाव. धंदे बसल्यामुळे गावाला उतरती कळा लागली होती. तिथल्या कोळसा-लोखंड कंपनीचा व्यवस्थापक जॉर्ज रॅपलिए यानं ती बातमी वाचली आणि तडक रॉबिन्सनचं औषधांचं दुकान गाठलं. हा खटला आपल्या गावात झाला तर देशभरातून पत्रकार येतील, हॉटेलं भरतील, गावाचं नाव होईल, हे त्यानं गावातल्या चार वजनदार माणसांना पटवलं. दुकानाचा मालक रॉबिन्सन स्वतः शाळा समितीचा अध्यक्ष होता.

मग आरोपी शोधला गेला. जॉन स्कोप्स, वय २४, शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक. गणित-विज्ञान शिकवायचा, आणि जीवशास्त्राचे नेहमीचे शिक्षक आजारी असताना थोडे दिवस त्यांचा वर्ग त्यानं सांभाळला होता. तो टेनिस खेळत असताना त्याला दुकानात बोलावणं गेलं. 'अ सिव्हिक बायॉलॉजी' हे पाठ्यपुस्तक त्याच दुकानात विकायला ठेवलेलं होतं. त्यात उत्क्रांतीवर मजकूर होता, आणि पुस्तक राज्यानंच मंजूर केलेलं होतं. म्हणजे जे शिकवायला कायद्यानं बंदी, तेच छापील आणि सरकारमान्य! स्कोप्स आरोपी व्हायला तयार झाला आणि परत टेनिस खेळायला गेला. उत्क्रांतीचा भाग आपण वर्गात खरंच शिकवला होता का, याची त्याची त्यालाही खात्री नव्हती.

थोडक्यात, धर्मांध जमावानं एका विचारवंताला पकडलं असं काही घडलं नाही. हा खटला ठरवून उभा केलेला होता आणि गावाला त्यातून प्रसिद्धी हवी होती. ती भरपूर मिळाली. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओ केंद्रानं खटल्याचं थेट प्रक्षेपण केलं. कोर्टाबाहेर खाण्यापिण्याच्या टपऱ्या लागल्या, सूट-बूट घातलेला चिंपांझी फिरवला गेला, बायबल वाचायला सांगणारे फलक टांगले गेले. जत्राच भरली म्हणा ना.

हिरवळीवरचे दोन तास

फिर्यादी पक्षाच्या बाजूनं आला विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेला, वुड्रो विल्सनच्या सरकारात परराष्ट्रमंत्री राहिलेला आणि पहिल्या महायुद्धाकडे देशाचं पाऊल पडतंय असं दिसल्यावर १९१५मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेला. बचावाला आला क्लॅरेन्स डॅरो, देशातला सगळ्यात गाजलेला फौजदारी वकील आणि जाहीर अज्ञेयवादी. एकेकाळी राजकारणात त्यानंच ब्रायनला पाठिंबा दिला होता.

बचाव पक्षानं शास्त्रज्ञांची फौज आणली होती. त्यांची साक्ष ज्युरीसमोर होऊ द्यायला न्यायाधीश रॉल्स्टन यांनी नकार दिला. स्कोप्सनं कायदा मोडला की नाही एवढाच प्रश्न आहे, उत्क्रांती खरी की खोटी हा प्रश्न कोर्टापुढे नाहीच, असं त्यांचं म्हणणं. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर ते चूक नव्हतं. तज्ज्ञांची वाट अशी बंद झाल्यावर डॅरोनं वेगळी चाल खेळली. बायबलचा तज्ज्ञ म्हणून त्यानं थेट ब्रायनलाच साक्षीला बोलावलं.

२० जुलैची दुपार. उकाडा प्रचंड, आणि गर्दीच्या वजनानं मजला खचेल अशी भीती. म्हणून कामकाज कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर हलवलेलं. सुमारे दोन तास डॅरो विचारत होता. योनाला खरंच माशानं गिळलं होतं का? यहोशवानं सूर्य थांबवला म्हणजे काय झालं? काइनाला बायको कुठून मिळाली? ब्रायन काही ठिकाणी ठाम राहिला, काही ठिकाणी अडखळला. सृष्टी निर्माण झाली ते सहा 'दिवस' चोवीस तासांचेच असतील असं नाही, तो मोठा कालखंडही असू शकेल, हे त्यानं मान्य केलं. ते त्याचं जुनंच मत होतं. म्हणजे जो माणूस बायबलचा अक्षरशः अर्थ लावणारा म्हणून आज ओळखला जातो, तो स्वतः तेवढा अक्षरशः अर्थ लावत नव्हता.

या दोन तासांत ज्युरी तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष नोंदीतूनच काढून टाकली. डॅरोची उलटतपासणी घेण्याची ब्रायनची पाळी आलीच नाही. वरच्या कोर्टात अपील करायचं म्हणून डॅरोनं स्वतःच ज्युरीला 'दोषी ठरवा' असं सुचवलं. ज्युरीनं ९ मिनिटांत ते केलं. दंड झाला १०० डॉलर. आणि तो भरायची तयारी कुणी दाखवली होती? खुद्द ब्रायननं.

पाच दिवसांनी, रविवारी दुपारी, डेटनमध्येच ब्रायन झोपेत वारला. १९२७मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयानं स्कोप्सची शिक्षा रद्द केली. कारण एकदम तांत्रिक. ५० डॉलरपेक्षा जास्त दंड ज्युरीनं ठरवायला हवा, इथे तो न्यायाधीशांनी ठरवला होता. कायदा मात्र न्यायालयानं वैध ठरवला. शिक्षाच उरली नाही, त्यामुळे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायचं काही राहिलं नाही. ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला होता, तेच हुकलं.

नाटक कशावर होतं?

जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली यांचं 'इन्हेरिट द विंड' हे नाटक १९५५मध्ये रंगभूमीवर आलं. स्टॅन्ली क्रेमरनं त्यावर केलेला सिनेमा १९६०चा, त्यात वकिलाच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी. नाटककारांनी लबाडी केली असं म्हणता येणार नाही. त्यांनी माणसांची नावं बदलली, गावाचं नाव बदललं, आणि प्रस्तावनेत हा इतिहास नाही असं सांगूनही टाकलं. त्यांचं लक्ष डेटनवर नव्हतंच. तो काळ मॅकार्थीच्या आगेमागेचा. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या चौकश्या होत होत्या, नोकऱ्या जात होत्या. सिनेमाच्या दोन पटकथाकारांपैकी नेड्रिक यंग तर स्वतःच काळ्या यादीत होता आणि टोपणनावानं लिहीत होता. 'विचार करायचा हक्क' या विषयावर थेट बोलणं धोक्याचं होतं म्हणून तीस वर्षांपूर्वीचा खटला रूपक म्हणून वापरला गेला.

रूपकाला त्याच्या गरजा असतात. मॅकार्थीच्या काळाची भीती दाखवायची तर शिक्षक तुरुंगात हवा, गाव अंगावर धावून येणारं हवं, प्रेयसीचा बाप शापवाणी उच्चारणारा पाद्री हवा. मग ते सगळं आलं. खऱ्या डेटननं डॅरोचं आगतस्वागत केलं होतं. स्कोप्स एक दिवसही कोठडीत नव्हता. पाद्र्याच्या मुलीशी त्याचं लग्नही ठरलेलं नव्हतं. पण रूपकात हे बसत नाही.

आपल्याला हा प्रकार नवीन नाही. सिंहगडाचं नाव घेतलं की तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण सहज बोलून जातो. हे आपल्या मनात पक्कं बसलंय ते पोवाडे, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आणि शाळेतल्या नाटुकल्यांमुळे. प्रत्यक्षात गडाचं 'सिंहगड' हे नाव १६७०च्या लढाईआधीच्या कागदपत्रांतही सापडतं. यामुळे तानाजींचा पराक्रम कणभरही कमी होत नाही. पण ज्याला आपली सगळी श्रद्धा त्या नावाच्या गोष्टीवर टांगायची सवय आहे, त्याला ते जुनं पत्र शत्रूचं वाटायला लागतं. ललित लेखनाला इतिहासाच्या खुर्चीत बसवलं की हे होतं. खरी कागदपत्रं समोर आली की आपण ललित लेखनाचाच बचाव करत बसतो.

'इन्हेरिट द विंड'च्या बाबतीत हा बचाव विशेष महागात पडतो. कारण नाटकानं जे गाळलं, त्यातली एक गोष्ट फार अवघड आहे.

त्या पुस्तकात अजून काय होतं?

नाटक पाहून वाटतं, की त्या शिक्षकाच्या हातातलं पुस्तक म्हणजे शुद्ध ज्ञान. जॉर्ज विल्यम हंटरचं 'अ सिव्हिक बायॉलॉजी' १९१४चं. त्यात उत्क्रांती होती, आरोग्य-स्वच्छतेवर धडे होते, आणि सुप्रजननशास्त्रही होतं. माणसाच्या पाच वंशांची यादी देऊन गोऱ्यांना सगळ्यात वरचं स्थान दिलेलं होतं. काही गरीब, आजारी, गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांचं वर्णन समाजावर जगणाऱ्या बांडगुळांसारखं केलेलं होतं, आणि अशा माणसांना पोरं होऊ नयेत म्हणून त्यांना वेगळं ठेवण्याचे उपाय सुचवलेले होते. हे शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकात!

हे त्या काळी कुणा एका लेखकाचं खूळ नव्हतं. मोठमोठ्या विद्यापीठांतले प्राध्यापक हेच बोलत होते. डेटनच्या खटल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७मध्ये, 'बक विरुद्ध बेल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी 'मतिमंद' ठरवलेल्या माणसांची सक्तीनं नसबंदी करणारा कायदा वैध ठरवला. पुढच्या काळात तिथे हजारो माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या.

ब्रायनला डार्विनबद्दल जे वाटत होतं, त्यात धर्म होताच. पण त्याचबरोबर ही भीतीही होती. पहिल्या महायुद्धातले जर्मन अधिकारी 'बलवान टिकतो' या तत्त्वावर युद्धाचं समर्थन करत होते, असे वृत्तान्त त्यानं वाचले होते. आयुष्यभर त्यानं शेतकरी आणि कामगारांची बाजू घेतली होती, स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला होता. दुबळ्यांनी मरावं हा निसर्गाचा नियम आहे असं मुलांना शिकवलं तर समाजातली कणव संपेल, असं त्याला वाटत होतं. नाटकातल्या ब्रेडीला अशी कुठली काळजी नाही. तो नुसता खादाड, पोकळ, टाळ्यांचा भुकेला म्हातारा आहे.

म्हणून ब्रायनला नायक करायचीही गरज नाही. १९२४च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कु क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करणाऱ्या ठरावाला त्यानं विरोध केला होता. दुबळ्यांबद्दलच्या त्याच्या कळवळ्याला कातडीच्या रंगाची मर्यादा होती. आणि वाईट वापराची भीती खरी असली तरी त्याचा उपाय साफ चुकीचा होता. शिकवण्यावर बंदी घालून सुप्रजननशास्त्र थांबलं नसतंच. ते मोडलं ते जास्त चांगल्या मोजमापांनी, आणि त्याच्या नावाखाली झालेले अत्याचार उघड झाल्यावर.

या मोजमापाच्या गोष्टीत एक मराठी बाई आहे. १९२०च्या दशकाच्या शेवटी इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर याच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. फिशर हा जर्मन वंशवादी मानववंशशास्त्रातला बडा माणूस, पुढे नाझींच्या कामाला आलेला. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या वंशांच्या म्हणून ठेवलेल्या कवट्यांची असमानता मोजली. गोऱ्यांची कवटी काही खास निघेल अशी गुरूची अपेक्षा होती. मोजमापात तसं काही दिसलं नाही, आणि जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. विज्ञानाच्या नावानं चाललेल्या खोट्याला विज्ञानातूनच उत्तर द्यायचं तर ते असं असतं. त्याला नाट्य नाही, टाळ्या नाहीत, नुसते कवट्यांवर टेकवलेले मोजपट्टीचे आकडे.

आता वादात काय होतं बघा. एखाद्यानं आयुष्यभर सिनेमातली गोष्ट खरी मानलेली असते. समोरचा 'त्या पुस्तकात काय होतं माहितीये का?' असं विचारतो आणि सुप्रजननशास्त्राची पानं पुढे ठेवतो. पहिला एक तर भडकतो, नाहीतर हादरतो. हादरलेल्याला वाटतं, एवढं लपवलं म्हणजे सगळंच खोटं असणार. खरं तर डेटनमध्ये काय झालं याचा आणि उत्क्रांती खरी आहे का याचा काडीचाही संबंध नाही. नाटकातल्या चुका सापडल्या म्हणून जीवाश्म विरघळत नाहीत, आणि डॅरो हुशार होता म्हणून डार्विन बरोबर ठरत नाही.

उत्क्रांतीचे पुरावे वेगळीकडे आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला पटलेलं उदाहरण देतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होतं. आपल्यात होत नाही, म्हणून आपल्याला आवळा-लिंबू लागतं. पण ते तयार करणाऱ्या जनुकाचे मोडके अवशेष आपल्या डीएनएत अजून आहेत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यातही ते तसेच मोडलेले आहेत. गिनीपिगचंही हे जनुक बंद पडलंय, पण त्याची मोडतोड वेगळ्या पद्धतीची आहे. दोन प्रोग्रॅमांत एकच चूक एकाच ठिकाणी सापडली, तर दोघांनी ती स्वतंत्रपणे केली असं कुठलाही प्रोग्रॅमर मानणार नाही. मूळ कोड एकच होता आणि दोन्हीकडे त्याची नक्कल आली, हेच तो म्हणेल.

टाळ्यांनंतरची बेचाळीस वर्षं

नाटकाचं दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. त्यामुळे वाटतं, की एका दुपारी एका हजरजबाबी माणसानं लढाई जिंकली.

डेटननंतर मिसिसिपीनं १९२६मध्ये आणि आर्कान्सॉनं १९२८मध्ये तसेच कायदे केले. हंटरच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यातून 'उत्क्रांती' हा शब्दच गायब होता. प्रकाशकांना पुस्तकं साऱ्या देशात विकायची होती. भांडण नको म्हणून अनेक पाठ्यपुस्तकांत हा विषय आक्रसत गेला. ही माघार कुठल्या कोर्टानं सांगितली नव्हती. ती संपादकांच्या टेबलावर गुपचूप झाली.

१९६०मध्ये 'इन्हेरिट द विंड' खुद्द डेटनमध्ये दाखवला गेला. साठीला आलेला स्कोप्स त्यासाठी गावात आला, त्याचा सत्कार झाला. आणि त्या दिवशी टेनेसीत बटलर कायदा तसाच लागू होता! पडद्यावर विज्ञान जिंकत होतं, पण गावातल्या शिक्षकानं सोमवारी वर्गात तेच सांगितलं असतं तर तो गुन्हा ठरला असता.

परिस्थिती बदलली ती वेगळ्याच कारणानं. १९५७मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला आणि आपलं विज्ञानशिक्षण मागे पडलंय या धास्तीनं अमेरिकेनं त्यात पैसा ओतला. त्यातून जीवशास्त्राची नवी पाठ्यपुस्तकं तयार झाली, आणि १९६०च्या दशकात उत्क्रांती पुन्हा धड्यांच्या मध्यभागी आली. बटलर कायदा १९६७मध्ये मागे घेतला गेला. आर्कान्सॉमधली सुझन एपर्सन ही शिक्षिका अडचणीत सापडली होती. शाळेनं दिलेलं नवं पुस्तक शिकवावं तर कायदा मोडतो, न शिकवावं तर कामात कसूर. ती कोर्टात गेली, आणि १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे कायदे घटनाबाह्य ठरवले.

त्यानंतर निर्मितीवाद्यांनी 'निर्मिती-विज्ञान' या नावानं वर्गात यायचा प्रयत्न केला. तोही १९८७मध्ये फेटाळला गेला. मग 'बुद्धिमान रचना' हे नाव आलं. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी पालकांनी त्याविरुद्ध भरलेला खटला २००५मध्ये चालला, तेव्हा निर्णायक ठरलेला एक पुरावा मला फार आवडतो. 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात मागवले गेले. १९८७च्या निकालाआधीच्या मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट' म्हणजे निर्मितीवादी हा शब्द होता. निकालानंतरच्या मसुद्यांत त्याजागी 'डिझाइन प्रोपोनंट्स' म्हणजे रचनेचे समर्थक आला. एका ठिकाणी बदल करताना घाई झाली आणि शब्द तयार झाला, 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स'. जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट दोन्ही बाजूंना लोंबत राहिलं. एक जात दुसरीत बदलताना मधला दुवा दाखवा, असं वर्षानुवर्षं बजावणाऱ्यांच्या स्वतःच्याच पुस्तकात तो सापडला!

इथेही धुवांधार भाषणानं काही झालं नाही. कुणीतरी हजारो पानांचे मसुदे शांतपणे ओळीनं वाचले.

आपल्याकडचं डेटन

जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशभर खिल्ली उडाली, मीम आले, तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याचं खंडन केलं. तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनीही असं बोलणं टाळायला सांगितलं. आपल्यापुरता सिनेमा संपला. विज्ञान जिंकलं, टाळ्या.

मग २०२३च्या उन्हाळ्यात एनसीईआरटीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आलं. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' झालं होतं. करोनाकाळात अभ्यासक्रमाचा भार हलका करायचा म्हणून काढलेला भाग आता पुस्तकातूनच गेला होता. १८००हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? इंजिनिअरिंगला जाणारी, कॉमर्सला जाणारी, आर्ट्‌सला जाणारी, दहावीनंतर शिक्षणच सुटणारी मुलं, या सगळ्यांची उत्क्रांतीशी शाळेतली भेट दहावीत होते. नाही झाली तर पुढे ती होते एकदम वादातच, आणि तिथे पुराव्यांच्या जागी पटकथा असतात.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये हा विषय पहिल्याच धड्यात आहे. तो तिथे आहे याची बातमी होत नाही, आणि उद्या तो आक्रसला तरी कदाचित होणार नाही. टेनेसीचं हेच झालं होतं. भाषणं, चिंपांझी आणि रेडिओ यांच्या गोंगाटात सगळं जग हिरवळीकडे बघत होतं, आणि पानं दुसरीकडेच कमी होत होती.

'इन्हेरिट द विंड' जरूर पाहा, स्पेन्सर ट्रेसीसाठी तरी पाहाच. मॅकार्थीच्या काळात माणसं काय सोसत होती, हे त्यातून फार चांगलं कळतं. पण पुढच्या वेळी वादात कुणी डेटन काढलं, तर विजय कुणाचा झाला यावर भांडू नका. कायदा मागे कधी घेतला, एवढंच विचारा. त्यानंतर घरात दहावीतलं कुणी असेल तर त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका एकदा उघडून बघा.